आबांच्या गोल्फची मी लावलेली वाट

हातातला कप आधी खाली ठेवा. ऐकताना ठसका लागला तर मी जबाबदार नाही. माझ्या हातून असा काही गाढवपणा घडलाय की आमच्या घरात कुणी नुसतं 'गोल्फ' म्हटलं तरी मी उठून स्वयंपाकघरात पळते.

हो, गोल्फच. आणि तोही कुंडलजवळच्या आमच्या वस्तीवर. हसा, हसून घ्या एकदाचे!

आमचे आबा फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झाले. सगळी नोकरी त्यांनी साहेब लोकांना गोल्फ खेळताना लांबून बघितलं. साठी उलटली आणि यांनी ठरवलं, आता आपण खेळायचं. मिरजेच्या पुढे एका हौशी माणसानं स्वतःच्या जमिनीत छोटंसं मैदान काढलंय. तिथं आबा स्कूटरवरून जायला लागले. आई ओरडायची, "आवं, चेंडू बडवायला मिरजंला जाताय, त्यापरीस उसाला पाणी तरी पाजा!" पण ऐकतील ते आबा कसले?

इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली केतकीपासून.

केतकी तिथली कोच. वय माझ्याएवढं. उंची माझ्याएवढी. पण आबा तिला म्हणणार 'मॅडम'!

आता बघा. मी आहारशास्त्रात एमएस्सी केलंय. मी सांगत होते, "आबा, रात्रीचा भात कमी करा." तर उत्तर काय? "तुला काय कळतंय? आमी भातावरच वाढलो." आणि एक दिवस ताट पुढे आलं तर आबांनी भात बाजूला सारला. का? "मॅडम म्हणाल्या, पोट कमी झालं की कंबर चांगली फिरती."

हेल्मेटचं तेच. माझा घसा बसला सांगून. मॅडम एकदा बोलल्या, दुसऱ्या दिवशी हेल्मेट डोक्यावर!

मी जळत होते का? छे छे. असल्या गोष्टींवर कोण जळतं?

बरं, जळत होते. पाचटाला काडी लावल्यावर फड पेटतो ना, तशी.

म्हणून एकदा मुद्दाम आबांबरोबर गेले. बघू तरी, ही बया शिकवते काय! त्या दिवशी आयर्नचा सराव होता. आयर्न म्हणजे लोखंडी डोक्याची काठी. आबांचं घोडं सात नंबरच्या आयर्नपाशी अडलं होतं. बॉल हवेत जायचं सोडून जमिनीवरून सरपटत जायचा.

केतकी म्हणाली, "काका, बॉल उचलायला जाऊ नका. खाली मारा. आधी बॉल, मग जमीन. वर न्यायचं काम काठी करते."

आबांनी मारलं. बॉल बरा उडाला, पण त्याच्यापुढचा गवताचा ढलपाच निघाला!

"व्वा काका!" केतकीनं टाळ्या वाजवल्या.

व्वा? चांगली हिरवीगार जमीन उकरून काढली आणि व्वा? ही खेळ शिकवतेय की खुरपणी? आणि आबा असे हसले, असे हसले... मी बोर्डात आले तेव्हा नुसतं "हं" म्हणाले होते!

त्याच क्षणी मी ठरवलं, आबांना आता मी शिकवणार.

आमचा ऊस तोडून झाला होता आणि नव्या लागणीसाठी सऱ्या सोडलेल्या होत्या. आबा सकाळी तिथंच सराव करायचे. दोन सऱ्यांमधल्या वरंब्यावर बॉल ठेवायचा आणि मारायचा. मी गेले आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिले.

"आबा, तुम्हाला चुकीचं शिकवलं जातंय."

"मॅडम चुकीचं शिकिवत्यात?"

"हो, तुमच्या मॅडम! विटीदांडू खेळलात ना तुम्ही?"

"खेळलो म्हंजे? माझी विटी पार मारुतीच्या देवळामागं पडायची!"

"मग विटी कोलताना दांडू खाली आपटत होता का? खालून उचलत होता ना? तसंच कोला."

आबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग बॉलकडे. आणि कोलला!

काय सांगू! बॉल सुर्रकन वर गेला आणि विहिरीच्या पलीकडे पडला. दुसरा कोलला, तोही गेला. तिसरा शेजारच्या बापूंच्या हरभऱ्यात.

"आगं पोरी, उडतोय की गं!" आबा लहान मुलासारखे नाचायला लागले. "तूच माझी खरी मॅडम!"

हे ऐकून माझं काय झालं असेल? मी जमिनीवर राहिलेच नाही. बॉलबरोबरच हवेत!

त्यानंतर आबांनी मिरजेला जाणंच सोडलं. एके दिवशी केतकीचा फोन आला. "ताई, काका बरे आहेत ना? रविवारी ज्येष्ठांची स्पर्धा आहे. सराव बुडतोय त्यांचा."

"काळजी नको," मी साखर घोळून म्हणाले. "घरीच चांगली सोय झालीय." फोन ठेवला आणि डब्यातला बेसनाचा लाडू तोंडात कोंबला. जिंकल्याबद्दल!

ही स्पर्धा साधी नव्हती हो. आबांचे जुने कर्नलसाहेब साताऱ्याहून खेळायला येणार होते. ज्यांचा खेळ उभा जन्म लांबून बघितला, त्यांच्याच गटात आबांचं नाव लागलं होतं. "साहेबांम्होरं एक शॉट नीट बसला की झालं," आबा आदल्या दिवशी आईला सांगत होते. बुटांना पॉलिश तर इतकं केलं होतं की त्यात तोंड दिसावं.

रविवार उजाडला. आबांनी सात नंबर काढली. माझ्याकडे पाहिलं. मी अंगठा दाखवला. आबांनी कोललं.

काठी बॉलच्या टाळक्यावर बसली. बॉल उंदरासारखा तुरुतुरु पळाला आणि दहा पावलांवर थांबला.

असू दे. पहिलाच होता.

दुसरा कर्नलसाहेबांच्या दोन बुटांमधून गेला. तिसऱ्या वेळी बॉल जागच्या जागी, आबा मात्र गर्रकन फिरून टोपी शोधत होते.

"सुभेदार, रिलॅक्स," साहेब म्हणाले.

आणि तेव्हा माझ्या एमएस्सी झालेल्या डोक्यात उजेड पडला. वरंबा! आमच्या रानात बॉल उंचावर होता, पुढे सरी खोल होती. काठीला बॉलखाली शिरायला जागा होती. विटीच्या खालीसुद्धा आपण खड्डा खणतोच की! इथं होतं सपाट गवत. बॉलच्या खाली थेट पृथ्वी!

"काका, खाली मारा! आधी बॉल!" तिकडून केतकी ओरडली.

आबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी दोन्ही हातांनी खाली, खाली अशा खुणा करायला लागले. आबा गोड हसले. मला राहवलं नाही. पळत त्यांच्यापाशी गेले.

"आबा, मॅडमचं ऐका! त्या बरोबर सांगतायत!"

"न्हाई."

"अहो आबा, मी चुकले!"

"तू घाबरू नगं. लोक बोलत्यात म्हणून आपण मागं हटायचं न्हाई. मी फौजी हाय. आता शेवटपातूर तुझंच ऐकणार."

सांगा, काय करावं या माणसाचं? जन्मात पहिल्यांदा माझं ऐकलं, ते हे! आणि किती निष्ठेनं! दिवसभर कोलत होते. एकदा जिद्दीनं, एकदा डोळे मिटून, एकदा तर देवाचं नाव घेऊन. मी झाडामागं उभी राहून प्रत्येक फटक्याला कान झाकत होते.

निकाल विचारू नका. आबांच्या खाली कुणाचं नावच नव्हतं.

बक्षिसं झाल्यावर चहा सुरू होता. कर्नलसाहेबांनी आबांच्या खांद्यावर हात ठेवला. "सुभेदार, इतकी वर्षं खेळतोय मी, पण असा शॉट कुठं बघितला नाही. शिकलात कुणाकडून?"

केतकी पांढरीफटक पडली. अख्खं मैदान तिच्याचकडे बघत होतं ना! मी हळूच फाटकाकडे सरकायला लागले.

आबांनी माझं मनगट पकडलं, मला सगळ्यांच्या मधोमध आणून उभं केलं आणि छाती फुगवून खणखणीत आवाजात म्हणाले,

"साहेब, ही माझी पोरगी. एमएस्सी झालीया. सगळं हिनंच शिकिवलंय. मॅडमचा ह्यात कायबी हात न्हाई!"

केतकीचा जीव असा काही भांड्यात पडला, की माझ्यासाठी पहिली टाळी तिनंच वाजवली.