रुपराव ढोमण्यांची गिटारची पेटी

रुपराव ढोमणे आवाज पायांनी मोजायचे. नवा अँप्लिफायर तयार झाला की दुकानात मायकासमोर कुणाला तरी बसवायचं, त्याने कॅलेंडरवरच्या तिथी मोठ्याने वाचायच्या आणि रुपरावांनी पाठ फिरवून लाकूड कापणाऱ्या आरामशिनींच्या रस्त्याने चालत सुटायचं. ज्या पावलावर चतुर्थी की चतुर्दशी हे कळेनासं झालं, तिथे थांबायचं. दोनशे पावलं आली तर मशीन लग्नाला, तीनशे आली तर सभेला. ही परीक्षा त्यांना कुणी शिकवली नव्हती, पण लकडगंजातल्या सगळ्या लाउडस्पीकरवाल्यांची हीच परीक्षा होती, आणि कुणाला त्यात काही चूक आहे असं वाटलं नव्हतं.

उमरेडकडची शेती थोरल्या भावांवर सोडून रुपराव अठराव्या वर्षी नागपुरात आले ते खांबावर भोंगे चढवायला. चढवता चढवता मशीन उघडायला शिकले, मग जोडायला. अठ्ठावीस वर्षांत त्यांचा शत्रू एकच: फाटका आवाज. वक्ता कितीही बेतालपणे ओरडला तरी आवाज फाटला की सगळी सभा माना वळवून मशीनवाल्याकडे बघते. एका लग्नात तर नवरीच्या बापाने भर मांडवात त्यांना ऐकवलं होतं, "मंगलाष्टकं आहेत का कुत्र्यांचं भांडण?" तो दिवस रुपराव विसरले नव्हते. फाटणे हा शब्द त्यांच्या दुकानात शिवीसारखा वापरला जाई.

आणि एवढं करून नाव कुणाचं? भोंगा खांबावर, मशीन पडद्यामागे, आणि मशीनवर नाव त्या दुकानदाराचं, ज्याने ती विकत घेतली. चाळिसेक मशिनी रुपरावांच्या हातून गेल्या असतील, पण ढोमणे हे नाव एकीवरही नव्हतं. म्हणून चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात कामठीचा ओमप्रकाश गिटारसाठी पेटी, म्हणजे अँप्लिफायर आणि स्पीकर एकाच खोक्यात, मागायला आला तेव्हा रुपरावांनी किंमत सांगण्याआधी विचारलं, "हे पेटी कुठं ठेवतात?"

"स्टेजवरच. माझ्या बाजूले."

"समोरून दिसते?"

"दिसते न. लोकायच्या तोंडावरच असते."

झालं. रुपरावांनी जवळजवळ सामानाच्या भावात पेटी कबूल केली.

ओमप्रकाश दिवसा पॉवरलूमवर काम करायचा आणि संध्याकाळी मनोहररावांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. परदेशी पेटीचं नाव घेणंही त्याला परवडणारं नव्हतं, आणि बाजारात नव्याने आलेल्या ट्रान्झिस्टरच्या मशिनी त्याला आवडत नव्हत्या. त्याला जुन्या रेडिओसारखी, काचेच्या व्हॉल्व्हचीच हवी होती. रुपरावांकडे व्हॉल्व्ह चांगले होते. लाकडाच्या टालीवरच्या सागवानी तुकड्यांचं खोकं झालं, स्पीकर एका सभेच्या पेटीतला बसला. फक्त व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधला ट्रान्सफॉर्मर मनासारखा मिळाला नाही, म्हणून एका मोडक्या रेडिओतला लहानसा काढून तात्पुरता लावला.

मे महिन्यातल्या एका रविवारी ओमप्रकाश गिटार घेऊन आला. व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट गेलं. मग त्याने हळू वाजवलं, ते छान आलं. मग त्याने जोरात तार छेडली, आणि तो चिमुकला ट्रान्सफॉर्मर दमला. आवाज फुगला, दाटला आणि कडेला फाटला. रुपरावांचे कान तापले. आवाज कमी करायला त्यांनी हात पुढे केला तर ओमप्रकाशने तो धरला.

"राहू द्या भाऊ. असाच राहू द्या."

"फाटून राहिला न गा."

"फाटू द्या. हेच पाहिजे होतं मले. महिन्याभरात पैसे घेऊन येतो. दुसऱ्या कोणाले देऊ नका."

तासभर वाजवून तो गेला. घामाने निथळत होता, पण चेहरा असा की लग्न ठरलंय.

इथेच रुपरावांनी घोटाळा केला, आणि तो चांगुलपणाने केला, याचाच मला जास्त राग येतो. त्यांना वाटलं, पोरगा गरीब आहे, स्वस्तात मिळतंय म्हणून फाटकं गोड मानून घेतोय. मागता येत नाही म्हणून हेच पाहिजे म्हणाला. आणि आपण काय, आपलं नाव लिहिलेली पहिली पेटी शंभर लोकांसमोर फाटक्या आवाजात बोलू द्यायची? त्यांनी पदरचे पैसे घालून चांगला जाडजूड ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळला. त्यासाठी तार कमी पडली, तेव्हा रेडिओतला लहान ट्रान्सफॉर्मर उकलून त्याचीही तार काढली. त्याच्या लोखंडी पत्र्या भंगारात गेल्या. मग बायकोला, भागीरथाबाईंना, मायकासमोर बसवलं.

"पूर्ण महिना वाच वं. घाई करू नको."

भागीरथाबाईंनी अख्खा ज्येष्ठ वाचला. रुपराव तीनशे चाळीस पावलं गेले तरी चतुर्थी चतुर्थीच होती. परत येताना त्यांना चालवेना इतका आनंद झाला होता. त्यांनी पेटीच्या तोंडावर लाल रंगात स्वतः अक्षरं काढली: ढोमणे, लकडगंज.

ओमप्रकाश आला, पैसे त्याने आधीच रुपरावांच्या हातावर ठेवले आणि तार छेडली. पुन्हा छेडली. बटण पूर्ण फिरवलं आणि पुन्हा छेडली. आवाज मोठा आला, सरळ आला, धुतलेल्या भांड्यासारखा लख्ख आला.

"भाऊ, हे तीच पेटी आहे?"

रुपरावांनी मोठ्या अभिमानाने काय काय केलं ते सांगितलं. ओमप्रकाशने सगळं ऐकून एवढंच विचारलं, "तो जुना कुठं आहे?"

"उकलला न. त्याची तार यातच आहे."

ओमप्रकाश खाली बसला. त्याने गिटारीच्या पट्ट्याशी चाळा केला. मग म्हणाला, "काहून केलं जी असं? मी सांगून गेलतो न."

रुपरावांचा संताप झाला. केलेल्या उपकाराचं हे फळ? "फाटका आवाज पायजे तं माझ्याकडं काहून आला? भंगारात जा, तिथं सगळं फाटकंच भेटते." पण पोराच्या डोळ्यांत पाणी बघून त्यांचा आवाज खाली आला. हात दाखवून अवलक्षण करून घेतल्यासारखं झालं होतं. ते म्हणाले, "ये रविवारी. करून देतो मी तसाच."

पुढचे सहा रविवार वाया गेले. मोडके रेडिओ शोधत रुपराव सायकलवर सारं शहर फिरले. लहान ट्रान्सफॉर्मर लावून पाहिले, त्याहून लहान लावले, व्हॉल्व्ह बदलले. दर वेळी आवाज फाटायचा, दर वेळी रुपराव मोठ्या आशेने ओमप्रकाशच्या तोंडाकडे बघायचे, आणि दर वेळी तो मान हलवायचा. "हा नाही भाऊ. हा डब्यातला भुंगा आहे." अरे, फाटणं म्हणजे फाटणं. त्यात चांगलं फाटणं आणि वाईट फाटणं हा काय प्रकार? रुपरावांना दोन्ही सारखीच ऐकू येत होती. दुखणं होतं ते हेच. काय बिघडलंय हे कळलं असतं तर त्यांच्या हातांनी ते दुरुस्त केलंच असतं. अठ्ठावीस वर्षांचे कान, आणि पॉवरलूमवरच्या पोराला ऐकू येतं ते त्यांना ऐकू येत नव्हतं. चहा गार झाला म्हणून ते भागीरथाबाईंवर ओरडले, आणि गरम आला तेव्हाही ओरडले.

"मले समजावून सांग," एकदा ते हातातला स्क्रू ड्रायव्हर आपटून म्हणाले. "कसा पायजे तुले?"

ओमप्रकाशने विचार केला. "बाई रडता रडता बोलून राहिली, तं तिचा गळा कसा दाटते? शब्द समजतात, पण सरळ नाही येत. तसा."

"अन् रडणारी बाई मी कोणत्या दुकानातून आणू?"

ओमप्रकाश हसला नाही. सातव्या रविवारी तो आलाच नाही.

गणपतीच्या तोंडावर मनोहरराव दुकानात आले. ऑर्केस्ट्राचे मालक, स्वतःच सूत्रसंचालन करणारे, आवाजावर फार जीव. त्यांनी पेटीत मायक लावून दोन वाक्यं म्हटली आणि खूश झाले. रुपरावांनी तोवर जाडजूड ट्रान्सफॉर्मर परत बसवला होता, निदान विकली तरी जावी म्हणून. "हे मी घेतो, बोलायसाठी," मनोहरराव म्हणाले. रुपरावांनी ओमप्रकाशचे पैसे त्याच दिवशी कामठीला जाऊन परत दिले.

ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम इतवारीतल्या एका गणेश मंडळात होता, संध्याकाळी सातला. रुपराव इस्त्रीचा सदरा घालून भागीरथाबाईंना घेऊन गेले. पेटी स्टेजवर अगदी समोर होती. लाल अक्षरं दिव्यात झळकत होती आणि मनोहररावांचा शब्दन् शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. शेजारचे दोघे मशीनवाले वळून रुपरावांना म्हणाले, "काय साफ आवाज आहे गा." भागीरथाबाई लाजल्या.

मग गाणं सुरू झालं. ओमप्रकाश एका भाड्याच्या ट्रान्झिस्टरच्या मशिनीवर वाजवत होता. गाण्याच्या मध्ये गिटारीची जागा आली, तो थोडा मागे रेलला, डोळे मिटले आणि तार बोटाखाली दाबून वर ओढली. सूर चढत गेला. रुपराव पुढे झुकले. आता दाटेल, त्यांना वाटलं. आता भरून येईल. सूर वर गेला, पातळ, कोरडा, सरळ, आणि तसाच संपला.

कुणाला काही कळलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ओमप्रकाशने डोळे उघडून स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. आणि रुपरावांना ऐकू आलं. जे तिथे नव्हतं ते, अगदी स्वच्छ. मे महिन्यात त्यांच्याच दुकानात, त्यांच्याच हातच्या पेटीतून निघालेलं, आणि त्यांनी फाटलं म्हणून उकलून टाकलेलं. सहा रविवार कानांनी दगा दिला आणि आता कशाला शहाणे झाले, म्हणून त्यांना स्वतःचे कान उपटावेसे वाटले.

मध्यंतरात मनोहरराव खाली आले. "रुपराव, मले अशा आणखी दोन पेट्या पाहिजेत. नाव असंच समोर लिवा."

"देतो," रुपराव म्हणाले. मग थांबले. "अशा किती पण देतो. तशी नाही बनवता येत मले."

"तशी म्हणजे कशी?"

रुपरावांनी तोंड उघडलं. भागीरथाबाई त्यांच्याकडे बघत होत्या, मशीनवाले बघत होते. सांगायला गेले तर गळा दाटून आला, आणि काही केल्या शब्द सरळ निघेना.