कागदावरचा कमांडर

विमानात कॅप्टन डाव्या सीटवर बसतो. कॅप्टन होण्याच्या प्रशिक्षणात मीही डावीकडेच बसत होते आणि उजवीकडे, को-पायलटच्या जागी, माझे प्रशिक्षक. निर्णय मी घ्यायचे. कायद्याने मात्र विमानाचे कमांडर तेच. त्या दिवशीची मुंबई-रायपूर ही शेवटची परीक्षेची फेरी होती. सर नागपूरचे. निघतानाच त्यांनी मराठीत बजावलं, "तू चुकली तरच मी कंट्रोलले हात घालीन. अन् हात घातला, तर तुझं प्रशिक्षण लांबलं समज."

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर. माझी शाळा छत्तीसगडमधल्या डोंगरगडची, सरकारी. तिथे गुरुजी वर्गात असले की खिडकी उघडायलाही विचारावं लागे. त्या शाळेचे माझ्यावर फार उपकार आहेत. पण मोठ्यांसमोर स्वतः काही ठरवायचं नाही, ही सवयही तिथलीच.

वैशाखातली दुपार होती. रायपूर जवळ आलं तसे रडारवर ढगांचे लाल डाग दिसू लागले. विमानतळावर वारा इतका उसळत होता की उतरणं नियमातच बसत नव्हतं. आम्ही वरच घिरट्या घालू लागलो. थोडा वेळ थांबून मग नागपूर गाठता येईल, एवढं इंधन होतं. थोडा म्हणजे किती, ते मला ठरवायचं होतं.

"सर, काय करायचं?" तोंडातून निघूनच गेलं.

"कॅप्टनले विचार," सर समोर बघत म्हणाले. "मी तं को-पायलट आहो."

मी आकडे पुन्हा मांडले. "आणखी एक घिरटी. वारा उतरला नाही तर नागपूर."

ती घिरटी संपत आली तेव्हा ढगांमधून नव्या रायपूरचे रुंद रस्ते दिसले. उन्हात चकाकत होते. वारा मात्र तसाच होता.

"उघडून राहिलं वाटते," सर म्हणाले. "अजून एक फेरी मारायची का?"

हा को-पायलटचा सल्ला होता, परीक्षकाचा सापळा, की कमांडरचा हुकूम? आवाजावरून काही कळेना. मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. ते मांडीवर होते. इंधन मी ठरवलेल्या आकड्यावर आलं होतं.

"नाही. नागपूर."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी रेडिओवर नागपूरची परवानगी मागितली. आम्ही वळून थोडं पुढे गेलो, तोच ऐकू आलं, की आमच्या मागचं विमान रायपूरला उतरलं. नागपूरपर्यंतचा तो रस्ता मला फार लांब वाटला.

नागपूरला इंजिनं बंद झाल्यावर ते म्हणाले, "मी असतो तं थांबलो असतो."

"मग तेव्हा का नाही बोललात, सर?"

"बोललो ना. तू नाही म्हटलं. माझ्यापेक्षा वेगळं म्हणजे चूक नसते. चूक असती तं हात घातला असता." मग पेन काढत, "पण आधी मले विचारलं, ते मी अहवालात लिहीन."

तेवढ्यात रायपूरचे एक प्रवासी काका फोन हातात घेऊन कॉकपिटच्या दाराशी आले. माझ्या खांद्यावर तीन पट्ट्या, सरांच्या खांद्यावर कॅप्टनच्या चार. काकांनी चार पट्ट्यांनाच पकडलं. "वो दूसरा वाला तो उतर गया! आप क्यों नहीं उतरे?"

"जिम्मेदारी मेरी है, भाईसाहब," सर म्हणाले.

ते खरंच होतं. मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं.

"फैसला मेरा था, अंकल," मी म्हणाले. "और रुकते, तो यहाँ तक आने का तेल नहीं बचता।"

ते माझ्याकडे वळले. "बेटा, शाम को मेरी बिटिया की सगाई है। पहुँचा दोगी?"

"मौसम देखकर बताती हूँ।"

ते कुरकुरत जागेवर गेले. सरांनी सीट मागे सरकवली.

"पुढच्या महिन्यात तुझ्या उजवीकडे दुसरा कोणी बसंल," ते म्हणाले. "तोही म्हणंल, अजून एक फेरी मारू. त्याचं ऐकून घेत जाजो."

आपण पास झालो, हे मला क्षणभराने कळलं. मग मी रायपूरचं ताजं हवामान मागवलं.