गालातला चिंचोका

माझं तोंड लहानपणापासून वाईट. चौथीत शाळा सुटली तेव्हा मास्तर बापाला म्हणाले होते, "पोरगं हुशार आहे, पण गप बसत नाही." पुढं जन्मभर तेच झालं. हात थांबतील, तोंड थांबायचं नाही. आणि धंदा कोणता हाती आला, तर बाज विणायचा. त्यात बोललं की चुकलंच.

बाज विणणं दिसायला सोपं. लाकडाची चौकट, तिच्यावर अंबाडीची दोरी, दोन वरून, दोन खालून. पण ही मोजणी मनात चालू ठेवावी लागते. मध्येच रस्त्यानं जाणारा म्हणाला, "काय गा, कसं काय?" आणि आपण म्हटलं, "मस्त," की तिसरी दोरी वर गेलीच. तेव्हा कळत नाही. हातभर वीण पुढं सरकली की चौकडी तिरपी दिसायला लागते. अशी बाज एका अंगानं झोळ धरते. निजणारा रातभर घरंगळतो आणि सकाळी माझ्या नावानं शिव्या देतो.

लग्न होऊन बायको घरात आली तेव्हा आमच्याकडं परत आलेल्या बाजा भिंतीला टेकून उभ्या होत्या. तिनं त्या पाहिल्या, मला विणताना पाहिलं. ती मुळातच कमी बोलायची. दुसऱ्या दिवशी मी कामाला बसलो तर समोर येऊन उभी राहिली.

"आ करा."

"काऊन?"

"करा म्हंतलं ना."

मी तोंड उघडलं. तिनं भाजून सोललेला चिंचोका माझ्या गालात ठेवला. दगडासारखा.

"चावाचा नाई. हा मऊ होतवरी उठाचं नाई अन् बोलाचंही नाई. मऊ झाला की खाजा, पानी पेजा, मंग पाह्यजे तेवढं बोंबला."

नवीन नवरी अशी बोलते म्हणून मला राग आला. पण राग बोलून दाखवायला तोंड मोकळं नव्हतं. त्या दिवशी वीण पहिल्यांदा सरळ आली. रस्त्यानं जाणारे विचारत गेले, मी नुसती मान हलवली. संध्याकाळपर्यंत गावात झालं की याची दाढ सुजली.

तेव्हापासून तीच रीत. तोंडात चिंचोका असला की काम, मऊ झाला की आराम. परत दुसरा. घड्याळ आमच्या घरात फार उशिरा आलं, आणि आलं तरी त्याचा मला उपयोग नव्हता. घड्याळ गालात ठेवता येत नाही.

दुसरी सवय तिची स्वतःची होती. दिवस मावळायच्या आत ती मांडीवर दोरी वळून ठेवायची, ओल्या पोत्याखाली झाकायची, म्हणजे सकाळी नरम मिळायची. चौकट अंगणात कडुलिंबाखाली लावून ठेवायची. पाण्याचा लोटाही तिथंच. मला उठून फक्त बसायचं असायचं. मी एकदा म्हटलं, सकाळी करू की. ती म्हणाली, "सकाळी काय कराचं हे सकाळी ठरवाचं नाई. सकाळी मानूस लय वकील रायते." खरं होतं. सकाळी माझ्याजवळ न बसायची इतकी कारणं असायची की कोर्टात जिंकलो असतो.

आणि तिसरी गोष्ट उसवायची. चूक सापडली की ती वीण उसवायला लावायची. मी म्हणायचो, कोणाच्या ध्यानात येते? ती म्हणायची, "निजनाऱ्याच्या पाठीले येते." बस. मग मी उसवायचो.

पुढं नायलॉनची पट्टी आली. गिरडच्या बाजारात रंगीबेरंगी गुंडाळ्या टांगलेल्या दिसायला लागल्या आणि लोकांनी दोरी सोडली. आमचा धंदा बसायचाच, पण बाळंतिणींनी तारला. आमच्या भागात बाळंतिणीला बाजेवर निजवून खाली शेगडीचा शेक देतात. नायलॉन शेकानं वितळते, अंबाडीची दोरी नाही. त्यामुळं आजूबाजूच्या गावांत कोणाला दिवस गेले हे आमच्या घरी लवकर कळायचं. बायको दाराशी आलेल्या बाईकडं पाहूनच म्हणायची, "बाज पाह्यजे ना? कोनता महिना?"

मागच्या उन्हाळ्यात ती गेली. चिंचा फोडून झाल्या होत्या, चिंचोके भाजून, सोलून डब्यात भरून ठेवले होते. चांगलं भरलेलं घर ठेवून गेली. आजार लहान वाटला, पण तो मोठा निघाला. याच्यापेक्षा जास्त मला लिहायचं नाही.

ती गेल्यावर मी दोरीला हात लावला नाही. बाज मागायला कोणी आलं तर सांगायचो, नायलॉनची घ्या. डबा फळीवर होता. त्यातला चिंचोका खायचा म्हणजे एकेक करून तिचं हातचं संपवायचं. ते मला जमणार नव्हतं. मी सकाळी उशिरा उठायचो, शेजारून आलेला चहा प्यायचो, अंगणात बसायचो, आणि बोलायलाही कोणी नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा माझं तोंड फुकटात बंद झालं.

दिवाळी झाली आणि पोरीचा फोन आला. एकुलती एक पोरगी, सेलूला दिली आहे. पहिलटकरीण. दवाखाना सावंगीचा ठरलेला होता. प्रश्न होता त्याच्यानंतरचा.

"बाबा, सासू म्हनते, माहेरी जाऊन काय करशीन? आई नाई. बाबाले सोताचा चहा जमत नाई, तुयं कोन करन?"

"तुले काय वाटते?"

ती म्हणाली, "मले तं यावंच वाटते. पन घर कसं आहे बाबा?"

घर कसं होतं ते मला माहीत होतं. चुलीत मांजर निजत होती.

"ये," मी म्हटलं. "बाज विनून ठेवतो. शेजारची वहिनी जेवनाचं पाह्यते."

हे वहिनीला अजून विचारलं नव्हतं. विचारलं तेव्हा ती म्हणाली, "भाऊजी, स्वयंपाक मी करीन. बाज कोन विनन? तुमी तं हात बांधून बसले."

पोरीचं असं ठरलं की नवऱ्यासोबत येऊन घर बघायचं. जमण्यासारखं असलं तर राहायचं, नाही तर त्याच गाडीनं परत. म्हणजे मला परीक्षा होती. चौथीनंतरची पहिलीच.

मी चौकट काढली. जुनी दोरी होती. बसलो, आणि बसल्याबसल्या उठलो. पाणी राहिलं. मग तंबाखू. मग मोबाईल वाजला, कोणी तरी कर्ज देतो म्हणत होतं, त्याच्याशी भांडत बसलो. दुपारी पाहिलं तर वीण तिरपी. उसवली. दुसऱ्या दिवशी परत तेच. त्यात जावयाचा फोन आला. जावई चांगला आहे, पण मोबाईलवर रोज एक माणूस पाहतो जो सांगतो पहाटे उठा, ध्येय ठेवा.

"मामाजी, मन लागत नसन तं एक ॲप आहे. ते मोबाईल बंद ठेवते."

"कोठी रायते ते?"

"मोबाईलमधीच."

"मंग चोरालेच चौकीदार ठेवलं म्हना," मी म्हटलं आणि फोन ठेवून दिला.

वहिनी भिंतीवरून पाहत होती. "भाऊजी, तिनं भाजलेले चिंचोके आहेत ना अजून?"

"आहेत."

"मंग?"

"संपतीन."

मग वहिनीनं मला जे सुनावलं ते असं: "तिनं ते काय देवाऱ्यात ठेवाले भाजले होते? तिनं तुमचं तोंड बंद ठेवाले भाजले. पोरगी सासरी बाळंत होईन अन् डबा फळीवर तसाच भरेल राहीन. मंग पूजा करा त्याची."

मी तिला चार शब्द बोलणार होतो. पण उठून आत गेलो, डबा काढला, एक गालात टाकला.

चव तीच होती. थोडी राखेची, थोडी तुरट. डोळ्यांत पाणी आलं, ते येऊ दिलं. हात चालत होते. दोन वर, दोन खाली. तो मऊ झाला तेव्हा पाहिलं, वीण सरळ होती. त्या दिवशी दिवस मावळायच्या आत मी स्वतः दोरी वळली. जाडी-बारीक झाली, माझ्या मांडीला ती कला नाही. ओल्या पोत्याखाली झाकली. लोटा भरून ठेवला. सकाळी उठलो तर सगळं मांडलेलं. क्षणभर वाटलं तिनंच मांडलं. मग बसलो.

असं चालत गेलं. बाज अर्धी झाली आणि डबा रिकामा झाला. शेवटचा मी वेगळा काढून ठेवला नाही. वहिनीनं दिलेले कच्चे चिंचोके चुलीच्या राखेत टाकले. चुलीतली मांजर आधीच हाकलली होती. पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या काड्यांचा, जाळ भडकून जातो, राख कधी गरम कधी गार. पहिले कोळसा झाले, पुढचे कच्चे. सोलताना नख गेलं. तरी तेच गालात टाकून काम केलं. कडू तर कडू.

पोरगी यायच्या आदल्या दिवशी बाज पुरी होत आली होती. उन्हं कलली तेव्हा मी पायथ्याकडून सहज पाहिलं. मध्याच्या थोडं खाली, कंबर टेकते तिथं, एक चौकडी तिरपी. कधी तरी मोबाईल वाजला असेल. बाज सुरेख दिसत होती. पोरीला दिसलं नसतं, जावयाला तर नाहीच. मी बाजेकडं पाहत उभा राहिलो. वकील आता संध्याकाळीच आला होता. पोरगी येईल, पुरी बाज पाहील, राहील. उसवली तर अर्धी पाहील, आणि गाडीनं परत जाईल.

पण निजणार तीच होती ना. कंबर तिचीच.

सकाळी उसवायला बसलो. जावयाची गाडी अंगणाबाहेर थांबली तेव्हा अर्धी बाज उघडी, दोरीचा ढीग माझ्या पायात, आणि गालात चिंचोका. पोरगी उतरली. पोट पुढं आलेलं, एक हात कमरेवर. बॅग गाडीतच होती. जावई दाराशी थांबला.

"बाबा, हे काय? तुमी तं म्हनाले होते विनून ठेवतो."

मी हात वर केला. थांब. गालाकडं बोट दाखवलं.

तिनं माझ्याकडं पाहिलं, चौकटीकडं पाहिलं, लोट्याकडं, ओल्या पोत्याकडं. ओट्यावर बसली. जावई काही विचारायला लागला तर तिनं त्यालाही बोट दाखवून गप्प केलं. अगदी आईसारखं. मी विणत राहिलो. दोन वर, दोन खाली. तो चिंचोका कच्चा होता, मऊ व्हायचं नावच घेईना. वहिनी भिंतीवरून डोकावली, तीही बोलली नाही. इतकी माणसं आणि इतकी शांतता माझ्या अंगणात कधी झाली नव्हती.

शेवटी मी तो गिळला.

"कंबरेपाशी चुकली होती," मी म्हटलं. "उसवली. उद्यापर्यंत होते."

पोरीनं नवऱ्याकडं पाहिलं. "बॅग आना आत."

"माह्या आईले काय सांगू?" त्यानं विचारलं.

"सांगा, घर ठीक आहे. बाबा गप बसून राह्यले."

मग तिनं माझ्यापुढं हात केला. मी खिशातून एक चिंचोका दिला. तिनं तोंडात टाकला आणि तोंड वाकडं केलं.

"बाबा, कच्चाच आहे!"

"चावू नको. राहू दे गालात," मी म्हटलं, आणि दुसरा स्वतःच्या तोंडात टाकून दोरी उचलली.