डॉक्टरांनी शिट्टी वाजवायला सांगितली

"शिट्टी वाजवा," डॉक्टर म्हणाले, आणि माझी आई खुर्चीतून ताडकन उठली.

"अहो डॉक्टर, चांगल्या घरची मुलगी आहे ती!"

मुलुंडला आमच्या चाळीसमोरच त्यांचा दवाखाना होता. त्यांनी आईला खाली बसवलं आणि मला पुन्हा तेच सांगितलं. मी ओठांचा चंबू करायला गेले. उजवी बाजू एकटीच पुढे आली, डावी जागची हलेना, आणि फुस्स करून नुसती हवा निघून गेली. मग गाल फुगवा, दात दाखवा, भुवया वर करा, डोळे गच्च मिटा. प्रत्येक वेळी अर्धाच चेहरा कामाला लागला.

"बेल्स पाल्सी," डॉक्टर म्हणाले.

चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक नस असते, तिला फेशियल नर्व्ह म्हणतात. ती दुखावली की त्या बाजूचे स्नायू लुळे पडतात, असं त्यांनी समजावलं. "हा अर्धांगवायू नाही, आई. हातपाय धडधाकट आहेत. आणि डावी भुवईसुद्धा हलत नाही, म्हणून तर मी निश्चिंत आहे. मेंदूचा झटका असता तर बहुधा भुवई वर गेली असती. बहुतेकांचं हे बरं होतं. वेळ लागतो, एवढंच."

आई तिथेच पदरात तोंड लपवून रडली. माझे वडील अर्धांगवायूनेच गेले होते. सकाळपासून तिच्या मनात काय चाललं असेल ते मला तेव्हा कळलं.

सकाळी झालं होतं एवढंच, की चूळ भरताना पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून पदरावर सांडलं. आई म्हणाली, "सुमे, चाळे पुरेत." मी चाळे करत नव्हते. आरशात बघितलं तर तोंड उजवीकडे ओढलेलं आणि डावा डोळा टक्क उघडा. देवा शपथ सांगते, किंचाळावंसं वाटलं, पण किंचाळायलाही धड तोंड नव्हतं.

दुपारपर्यंत सगळ्या चाळीला खबर लागली. तोंडावरून वारं गेलं, असा निकालही लागला. शेजारच्या काकू मीठमोहऱ्या घेऊन आल्या आणि माझी दृष्ट काढून गेल्या. तुमच्यावर ही वेळ आली तर काढू द्या बापड्यांना दृष्ट, त्यात काही बिघडत नाही, पण आधी डॉक्टर गाठा.

मी तेव्हा तिथल्याच एका प्राथमिक शाळेत दुसरीला शिकवत होते. टेंपररी. मला कायम करायचं की घरी बसवायचं, हे दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेची कमिटी ठरवणार होती. घरात आम्ही दोघीच, आणि चूल पेटायची ती माझ्या पगारावर. त्यामुळे दोन दिवस पडून मी तशीच शाळेत गेले.

पोरांनी पहिल्या दिवशी डोळे फाडून बघितलं, दुसऱ्या दिवशी माझी नक्कल केली, तिसऱ्या दिवशी विसरली. प, फ, ब, भ, म ही अक्षरं मला नीट उच्चारता येईनात, तर पोरंच मोठ्यांदा म्हणून दाखवायची. त्रास झाला तो मोठ्या माणसांचा. मी हसतमुख म्हणून आया आपली पोरं माझ्या वर्गात घालायला धडपडायच्या. आता हसले की एकच बाजू वर जायची आणि समोरच्याला वाटायचं, बाई कुत्सित हसतात. दोनच दिवसांत मी शिष्ट झाले! अहो, जीभ तीच, मन तेच, फक्त एक गाल रुसलेला.

आणि मग तो प्रकार झाला.

कमिटीचे कार्यवाह वर्ग बघायला आले. पांढरंशुभ्र धोतर, हातात काठी. मी अदबीने नमस्कार केला, त्यांच्याकडे बघितलं आणि पापणी लवली. आता पापणी काय, सगळ्यांचीच लवते. पण माझी एकच लवायची. डावा डोळा मिटतच नव्हता, उजवा तेवढा मिटायचा. कार्यवाह लालबुंद झाले. मी घाबरले, आणि घाबरलं की पापण्या जास्तच फडफडतात. ते काठी आपटत बाहेर गेले आणि मुख्याध्यापिकांना म्हणाले, "तुमच्या नव्या बाई डोळा मारतात!"

त्या मुख्याध्यापिकांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. कपाळावर कायम आठी, ओठ घट्ट मिटलेले. त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी मला खोलीत बोलावलं. गेली नोकरी, एवढंच डोक्यात.

"माझ्याकडे बघा," त्या म्हणाल्या. "आता दोन्ही डोळे मिटा."

मी मिटले, म्हणजे एक मिटला. मोठ्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि एकाएकी पोट धरून हसायला लागल्या. मला रडू आलं, तेही एका बाजूने वेडंवाकडं. मग त्याच उठल्या आणि आपल्या पदराने माझा डोळा पुसला.

"वाट लागली हो तुमची," त्या म्हणाल्या. "आता रजा घ्या आणि उपचार करा. कमिटीच्या दिवशी मात्र हजर राहा. तोंड लपवून घरी बसलात तर लोक म्हणतील तेच खरं ठरेल."

मग शहरातल्या मोठ्या इस्पितळाच्या वाऱ्या सुरू झाल्या. तिथे गालाला विजेचा हलका करंट द्यायचे, म्हणजे झोपलेले स्नायू हलतात. मुंग्या चावल्यासारखं वाटतं, दुखत नाही. बाकावर नंबरची वाट बघत आम्ही सगळे वाकड्या तोंडाचे एका रांगेत बसायचो, आणि तिथे मात्र कुणी कुणाकडे टक लावून बघत नसे.

उघड्या डोळ्यात धूळ जाऊ नये म्हणून डॉक्टरांनी काळा चष्मा दिला. आणि गंमत बघा. जो वाणी मला बघून गिऱ्हाइकं मागे सरतात म्हणून माझं सामान आधी बांधून मला वाटेला लावायचा, तोच आता "या बाईसाहेब" म्हणून स्टूल पुढे करायला लागला. काकूंनी आईला विचारलं, "सुमन सिनेमात काम करते का गं?" चष्म्याआड मी तीच वाकड्या तोंडाची मास्तरीण होते.

कमिटीच्या दिवशी चेहरा जेमतेम सुधारला होता. मी चष्मा काढूनच आत गेले. कार्यवाहांनी मान फिरवली आणि म्हणाले, मुलांपुढे असा चेहरा बरा दिसत नाही. मला वाटलं, संपलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "त्यांचं तोंड काय बघता? त्यांच्या वर्गाचं वाचन ऐका. आणि त्यांनी डोळा मारला नव्हता. मारायचाच असता तर माणूस बघून मारला असता."

मग कमिटीतले एक म्हातारे गृहस्थ खो खो हसले, त्यांच्यामागे दुसरे, आणि शेवटी कार्यवाहसुद्धा. मी कायम झाले. बाहेर येऊन मी मोठ्या बाईंच्या पाया पडले. कपाळावर आठी तशीच होती. मला आजवर इतका मायाळू चेहरा दुसरा दिसलेला नाही.

राहिला व्यायाम. रोज सकाळी आरशापुढे गाल फुगवायचे, दात दाखवायचे आणि शिट्टी वाजवायचा प्रयत्न करायचा. आई आधी चाळीच्या गॅलरीकडची खिडकी लावून घ्यायची. "कुणी बघितलं तर काय म्हणेल? पोरगी शिट्ट्या मारते!" मी फुस्स फुस्स करत राहायचे. तुम्हालाही कंटाळा येईल, रडू येईल. करत राहा. माझी पापणी आधी मिटायला लागली, मग चहा सांडायचा थांबला. सगळं हळूहळू, पण झालं.

दिवाळीचा फराळ संपत आला होता. मी अशीच ओठांचा चंबू करून फुंकत होते आणि बारीक, चिरकी, पण खरीखुरी शिट्टी वाजली. माझाच विश्वास बसेना. पुन्हा फुंकलं. पुन्हा वाजली!

आई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आली. माझ्याकडे बघितलं, माझे दोन्ही गाल पिठाने माखले. मग तरातरा गेली आणि खिडकी सताड उघडली.

"काकू, बाहेर या हो!" ती ओरडली. "आमची सुमन शिट्टी वाजवतेय!" आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "वाजव गं. मोठ्यांदा वाजव."