पाठीवरचा पंजा

कुस्ती पाहायची कशी हे मला माझ्या बाबांनी शिकवलं. बायकांनी कुस्ती पाहू नये असं आमच्याकडे कुणी म्हणत नव्हतं, पण आखाड्याजवळ बसूही देत नव्हते. म्हणून मंडईच्या दिवशी बाबा आमची बंडी मैदानाच्या कडेला नेऊन उभी करायचे, बैल सोडायचे, जुवाखाली टेकू लावायचे आणि मला वर चढवून सांगायचे, "तोंडाकडे पाहू नको बाई. पाय पाह्य. कोण केव्हा पडन, ते पायावरूनच समजते."

दिवाळीनंतर हलका, म्हणजे लवकर येणारा, धान कापून झाला की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, भाजीची नव्हे, जत्रेची. आमचं गाव अड्याळपासून तासाभराच्या वाटेवर. पाहुणे येतात, सासरी गेलेल्या लेकी येतात, आणि दुपारी कुस्त्यांची दंगल होते. बाबा स्वतः पैलवान होते. धानगिरणीच्या पट्ट्यात उजव्या हाताचं मधलं बोट गेलं आणि त्यांची कुस्ती सुटली, पण दंगल सुटली नाही. पहिल्या कुस्तीपासून शेवटच्या कुस्तीपर्यंत ते आखाड्याला लागून बसायचे. खाणं नाही, पिणं नाही. आखाड्यातली मूठभर माती उचलून कपाळाला लावायची, आणि निकाल लागेपर्यंत ती त्याच मुठीत मळत बसायचं. पंचानं हात वर केला की मूठ उघडायची.

त्यांचा एक नियम होता. पंचाचा हात वर होईपर्यंत पैलवानाच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही. हौशी लोक कुस्ती संपली न संपली की आत घुसायचे, पैलवानाला उचलायचे, पाठ थोपटायचे, आणि बाबांचा पारा चढायचा. "अबे, पाठीची माती पुसून राहिले ना तुम्ही! पंच काय पाहीन मग? तुमचं थोबाड?" दोन्ही खांद्यांना माती लागली की पैलवान चीत, असा साधा हिशेब. तो पाठीवरच लिहिलेला असतो, आणि हे लोक तो पुसून टाकतात.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी मी लग्नानंतर पहिल्यांदा मंडईला माहेरी आले. सोबत आमचे हे. लाखनीला हमरस्त्यावर सायकलच्या सामानाचं दुकान, माणूस मोठा गमत्या. त्यांनी नागपूरला तिकीट काढून धंदेवाल्या पैलवानांच्या कुस्त्या पाहिल्या होत्या, बुरखा घातलेला पैलवान वगैरे. आल्या आल्या बाबांना सांगायला बसले.

"मामाजी, त्यानं त्याले डोक्यावर उचलून गरगर फिरवलं ना! लोकं खुर्च्यांवर चढले!"

"मग चीत केव्हा झाला?"

"ते काई ध्यानात नाई बाप्पा. पण मजा लय आली!"

बाबांनी ताटली त्यांच्यापुढे सरकवली. म्हणाले, "जवाईबापू, तुमी चिवडा खा."

मी पदरात तोंड घालून हसले. पण खरं सांगते, पुढे दर मंडईला मला ह्यांचा हेवाही वाटायचा. हे दोन्हीकडच्या पैलवानांसाठी शिट्ट्या मारायचे, जो पडला त्याच्यासाठी हळहळायचे, आणि दंगल संपली की भुकेनं कडकडून जेवायचे. बाबांचं डोकं दुखायचं. त्यांना दहा वर्षांपूर्वीची कुस्ती डावासकट आठवायची, ह्यांना कालच्या कुस्तीतला फक्त लंगोटाचा रंग आठवायचा. एकाच मैदानात बसून दोघं दोन वेगळ्या गोष्टी पाहून यायचे.

त्या वर्षी शेवटची कुस्ती माझ्या दादाची होती. शेवटची कुस्ती म्हणजे मंडईचा मान, आणि तो कितीतरी वर्षं बाहेरगावचे पैलवान घेऊन जात होते. दादा दोन वर्षं लागोपाठ हरला होता. सकाळीच त्यानं बाबांना सांगितलं होतं, "यंदा गेली तं लंगोट खुंटीले." बाबा बैल जुंपायला गेले.

समोरचा पैलवान तुमसरकडचा, दादापेक्षा वजनानं भारी. डफडं वाजायला लागलं. थोड्याच वेळात दादा खाली गेला आणि खालीच राहिला. लोक ओरडायला लागले, "उठ ना बे!" बंडीवर माझ्या बाजूला बसलेले आमचे हे कासावीस झाले. "गेला व तुझा भाऊ! गेला!"

"कायले गेला?" मी फणकारले. "त्याचे पाय पाहा. थकवून राहिला तो त्याले."

वरच्यानं दादाला उलटा फिरवला. दादानं डोकं मातीत रोवलं, कमान केली. डावा खांदा टेकला, उजवा अधांतरी. तुमसरवाले ओरडले, "चीत! चीत!" एक पंच वाकून पाहत होता. आणि दादा तसाच सटकन फिरला, वरच्याची मान कवेत घेतली, आणि तो भला मोठा गडी धाडकन पाठीवर आला.

अरे बाप्पा! मग जो कल्लोळ झाला! माणसं आत घुसली. माझे हे बंडीवरून उडी मारून पळाले. मला वरून काही दिसेना, नुसती धूळ आणि पागोटी.

धूळ बसली तेव्हा भांडण लागलं होतं. तुमसरवाले म्हणत होते, तुमचा पोरगा आधीच चीत झाला होता, पाठ पाहा. पंचांनी दादाला फिरवलं. मी बंडीवर उभी राहिले. दोन्ही खांद्यांना माती होती.

"दोन्ही टेकले," एक पंच म्हणाला. दादाची मान खाली गेली. आमच्या गावाचा आवाजच बसला.

तेव्हा बाबा पुढे आले. त्यांचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता. आखाड्यात उभे राहून त्यांनी दादाच्या उजव्या खांद्याजवळ आपला हात नेला आणि म्हणाले, "पंचहो, हे माती जमिनीची नोहोय. हा पंजा आहे. मोजा बोटं."

पंच वाकले. घामेजल्या पाठीवर मातीचा ठसा होता. अंगठा, एक बोट, मग मोकळी जागा, मग दोन बोटं. बोटांच्या फटीत कातडी कोरी. खांदा जमिनीला टेकला असता तर फटीही मातीनं भरल्या असत्या. बाबांनी आपला तुटक्या बोटाचा हात सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"म्हणजे तुमी घुसले?" पंचानं विचारलं. त्याला खरंच वाटेना. अख्ख्या पंचक्रोशीत या माणसानं घुसणाऱ्यांना शिव्या घातल्या होत्या.

"हो. मीच घुसलो," बाबा म्हणाले. "माह्या पोराची पाठ थोपटली. मुठीतली माती टाकाची बी शुद्ध राहिली नाई. दोष माहा, पोराचा नोहोय."

लोक हसले. आधी तुमसरवाले, मग आमचेही. इतक्या वर्षांचा पक्का शौकीन, आणि पहिल्या मंडईला आलेल्या हौशासारखा आत घुसला! बाबा हात तसाच वर धरून उभे राहिले, कानापर्यंत लाल झाले, पण हात खाली घेतला नाही. पंच आपसात बोलले. मग त्यांनी दादाचा हात वर केला.

घरी आल्यावर विहिरीवर दादा अंघोळीला बसला. आई पाठीवर पाणी ओतायला लागली तर म्हणतो, "पाठ राहू दे ना." बाबांनी बादली आपल्या हातात घेतली. "धू बे, धू. आता निकाल लागला," असं म्हणून त्यांनीच ती पाठ त्याच हातानं चोळून धुतली. चोळायला अंमळ जास्तच वेळ लावला.

आमचे हे ओसरीवर चिवडा खात होते. त्यांनी हाक मारली, "मामाजी, पोरानं कोणता डाव मारला जी?"

बाबा जरा वेळ आठवत राहिले. बाबा, ज्यांना दहा वर्षांपूर्वीचे डाव आठवायचे!

"ते काई ध्यानात नाई बाप्पा," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.