भिंगबाईचे डोळे

माझी मोठी मावशी तान्ह्या बाळांचे कपडे शिवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात सव्वीस वर्षं तपासणीला होती. शिवून झालेलं प्रत्येक झबलं तिच्या टेबलावर यायचं. ती ते उलटं करायची, शिवणीवरून अंगठा फिरवायची, सुटलेले दोरे कातरायची आणि टाका वाकडा दिसला की उसवायला परत पाठवायची. परत जाताना झबल्यासोबत दोन झोंबणारे शब्दही जायचे. कारखान्यातल्या बायका पाठीमागे तिला भिंगबाई म्हणत. हे तिच्या कानावर आलं होतं आणि खरं सांगायचं तर तिला ते नाव आवडलं होतं.

तेव्हा मी तिच्याकडे राहून कॉलेज करत होते, त्यामुळे ते भिंग घरीही रोखलेलं असायचं. समोरच्या घरचे न धुतलेले पडदे, माझ्या मैत्रिणीचं मोठ्यानं हसणं, माझ्या आईनं मुलांना लाडावून ठेवलेलं असणं, काहीच सुटत नसे. पण त्या वर्षी तिच्या जिभेला नवीनच धार चढली होती. वय झालं की माणसं चिडचिडी होतात, असा मी अर्थ लावला आणि तिच्यापासून जरा लांब राहू लागले.

खरी गोष्ट वेगळीच होती आणि ती तिनं मला पुष्कळ नंतर सांगितली. पांढऱ्या कापडावरची पांढरी शिवण तिला दिसेनाशी झाली होती. सुरुवातीला फक्त संध्याकाळी, मग दुपारपासून, मग दिवसभरच सगळं दुधाळ दिसायला लागलं. पाठ दुखते असं सांगून तिनं टेबल खिडकीपाशी हलवून घेतलं. डॉक्टरकडे ती गेली नाही. डॉक्टर कागदावर लिहून देणार, कागद सुपरवायझरकडे जाणार आणि मग ज्या कामामुळे चारजणी आपल्याला वचकून असतात ते काम जाणार, एवढं तिनं मनात पक्कं केलं होतं. रोज सकाळी कारखान्याचा जिना ती पायऱ्या मोजत चढायची. कुणी तिच्या टेबलाशी उगीच रेंगाळलं तरी तिला वाटायचं, हिला कळलं की काय? आणि समोरचीनं तोंड उघडायच्या आत मावशी तिचीच एखादी चूक काढून तिला वाटेला लावायची.

त्याच सुमारास शिलाई मशीनवर एक नवी बाई लागली. तिशीतली असेल. रोज दहा मिनिटं उशिरा यायची, केस कसेबसे गुंडाळलेले, कुणाशी फार बोलणं नाही. पहिल्याच आठवड्यात मावशीनं तिचं नाव ‘दहामिनिटं’ ठेवलं आणि ते लगेच सगळ्यांच्या तोंडी बसलं. एकदा तिच्या कुडत्याच्या गळ्याला बटणाऐवजी पिन लावलेली मावशीला लखलखताना दिसली. बाळांचे कपडे शिवायच्या जागी पिन आणायला सक्त मनाई होती. मावशीनं सगळ्यांसमोर तिला ती काढायला लावली. तोवर ठीक होतं. पण वर, “ज्यांना स्वतःचं बटण लावता येत नाही त्यांनी दुसऱ्यांची बाळं सजवू नयेत,” असंही ती बोलून गेली. ती बाई दिवसभर गळा मिटून राहावा म्हणून खांदे आवळून शिवत बसली. घरी आल्यावर मावशीनं हा किस्सा मला चवीनं सांगितला. अशा बायका ना धड घर सांभाळत ना काम, असा निकालही देऊन टाकला. मीही हसले होते.

मग तो सुईचा दिवस आला.

कारखान्यात एक नियम काटेकोर पाळला जायचा. मशीनची सुई तुटली की मशीन थांबवायचं, सगळे तुकडे शोधायचे, ते कागदावर चिकटवून सुई पुरी होते का ते बघायचं आणि मगच नवी सुई मागायची. एखादा तुकडा बाळाच्या कपड्यात राहिला तर काय होईल ते कुणाला समजावून सांगावं लागत नसे. त्या दिवशी सकाळी नेमकी दहामिनिटंची सुई तुटली. तिनं लगेच हात वर केला. दोन तुकडे सापडले, टोक सापडेना. जमीन झाडली, मशीन उघडलं, चपला झटकल्या. टोक नव्हतं. चार वाजता माल न्यायला गाडी येणार होती.

सुपरवायझरनं तिच्या मशीनजवळची साठ-सत्तर झबली मावशीकडे तपासायला दिली. सगळ्याजणी बघत होत्या. मावशीनं एकेक झबलं उलटं करून बोटं फिरवली. डोळ्यांपुढे नुसतं धुकं आणि इतक्या वर्षांच्या कामानं बोटांची कातडी जाड झालेली. तळहातांना इतका घाम सुटला होता की कापड चिकटत होतं. शेवटचं झबलं बाजूला ठेवून तिनं ठणकावून सांगितलं की यात काही नाही, टोक हिनंच कुठंतरी उडवलं असणार, निष्काळजी बाई आहे, हिला आजच घरी पाठवा. सुपरवायझर म्हणाला, जेवणानंतर बघू.

जेवायच्या सुट्टीत सगळ्या बाहेरच्या खोलीत गेल्या. मावशी डबा अर्धा टाकून उठली आणि आत आली. तिच्या टेबलापाशी कुणीतरी उभं होतं. जवळ गेल्यावर कळलं, दहामिनिटं. हातात एक झबलं, शेजारी तपासलेला ढीग.

मावशी चिडून काही बोलणार तोच ती बाई हळू आवाजात म्हणाली, “बाई, सापडलं. गळपट्टीच्या दुमडीत होतं.”

ते झबलं तिच्या हाताखालून गेलेलं होतं. मावशी खुर्चीवर बसली.

बाईनं मग सांगितलं ते मावशीला शब्द न् शब्द आठवतं. ती म्हणाली, “माझ्या वडिलांचं असंच झालं. तेही आधी हातानं टेबलाची कड शोधायचे आणि मग बसायचे. कुणाला कळू नये म्हणून आमच्यावर ओरडत राहिले. आम्ही पण त्यांच्याशी भांडत बसलो. डॉक्टरकडे नेलं तेव्हा फार उशीर झाला होता.” आता त्यांना अजिबात दिसत नाही, सकाळी त्यांचं सगळं आवरून निघताना दहा मिनिटं इकडची तिकडे होतातच, हेही त्यातच कळलं. गेले दोन महिने ती रोज जेवायच्या सुट्टीत मावशीनं पास केलेला माल जमेल तेवढा पुन्हा बघत होती.

मावशीनं विचारलं, “मग सांगितलं का नाहीस कुणाला? मी तुला इतकं बोलले.”

“राग यायचा की तुमचा,” ती म्हणाली. “पिनेच्या दिवशी तर सांगूनच टाकणार होते. पण त्याच संध्याकाळी तुम्हाला दाराची कडी चाचपताना पाहिलं. मग नाही सांगवलं.” तिनं टोक कागदाच्या तुकड्यावर ठेवून मावशीकडे सरकवलं. “तुम्हीच द्या त्यांना. सांगा, परत बघताना सापडलं.”

एवढंच करायचं होतं. कागद उचलायचा आणि द्यायचा. कुणाला काही कळलं नसतं. मावशी म्हणते, त्या पाच मिनिटांत तिला जेवढी भीती वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटली नव्हती. पण त्या बाईनं रोज थोडंच बघितलं होतं. उरलेला माल? तो कुणाच्या बाळाच्या अंगावर असेल? हा प्रश्न एकदा डोक्यात शिरल्यावर तिला गप्प बसणं जमेना.

ती सुपरवायझरसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “टोक हिनं शोधलं. मी तपासलं होतं, मला दिसलं नाही. मला पाच-सहा महिने नीट दिसत नाहीये.”

गाडी परत पाठवली गेली. गोदामातला सगळा माल पुन्हा तपासायला चारजणी बसल्या. त्यात उसवलेल्या शिवणी निघाल्या, एका झबल्याचं बटण लोंबत होतं, धातूचं काही निघालं नाही. पण त्याआधी बराच माल दुकानांत गेला होता. तो परत मागवला, पण निम्माच आला. उरलेला विकला गेला होता. पुढचे कित्येक दिवस कारखान्यातला फोन वाजला की मावशीचा चेहरा उतरायचा. तक्रार कधीच आली नाही. पण तक्रार आली नाही म्हणजे काही झालं नाही, असं तिला आजही छातीठोकपणे म्हणता येत नाही.

तिला घड्या घालायच्या कामावर बसवलं. बायकांनी तिला सोडलं नाही. इतकी वर्षं आमची अब्रू काढली आणि स्वतः आंधळी कोशिंबीर खेळत होती, असं एक जण तिला ऐकू जाईल अशा बेतानं बोलली. मावशी मान खाली घालून घड्या घालत राहिली. त्या दुपारी जेवायला तिच्या शेजारी कुणी बसेना. दहामिनिटं आपला डबा घेऊन आली, बसली आणि वडील सकाळी चहात साखर कमी म्हणून कसे रुसले ते सांगत राहिली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मावशीला नेलं मी, पण तारीख ठरवली तिनं, कोणता डॉक्टर ते सांगितलं तिनं. तेव्हापासून मावशी तिला धाकटी म्हणायला लागली.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाल्यावर मावशी पुन्हा तपासणीला बसली, या वेळी शेजारी धाकटीचं टेबल टाकून. प्रत्येक कपडा आता दोघींच्या हाताखालून जायचा. सकाळची दहा मिनिटं मावशी एकटी सांभाळायची.

एकदम गोड झाली असं मात्र नाही. जीभ शिवशिवायचीच. एकदा एकीची गळपट्टी इतकी वाकडी आली की मावशीनं तोंड उघडलंच. मग थांबली. स्वतःला आवरून तिनं मऊ आवाजात विचारलं, “काय गं, घरी काही झालंय का?”

ती पोरगी गोंधळली. म्हणाली, “नाही हो बाई. गप्पा मारत होते, लक्ष नव्हतं.”

मावशीनं तिच्याकडे क्षणभर बघितलं, झबलं तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, “बरं. उसवून आण.”

तेवढंच. पुढचं झबलं तिनं टेबलावर ओढून घेतलं आणि उलटं केलं.