बांधावरचं गाजरगवत

सुकापूरला आमच्या बिल्डिंगशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर काल गाजरगवत कापत होते. त्याचा कडवट, उग्र वास घरात शिरला आणि मला काकीच्या बांधावरची ती सकाळ आठवली.

भात कापून ओलीवर वाल पेरला होता. रस्त्याच्या भरावाच्या मातीतून आलेली या गवताची चार-पाच रोपं बांधावर फुलली होती. काकी म्हणाली, "बी धरायच्या आदी उपटून टाकते. नायतर सगला वाल खाईल."

मी तेव्हा पनवेलच्या कॉलेजात बॉटनी शिकत होते. "तुला काय कळतं गं? राहू दे, मला नमुने न्यायचेत. नंतर मीच उपटेन," मी तोऱ्यात म्हटलं. नमुने नेले आणि विसरून गेले.

कसलं भिकार गवत ते! गुरं तोंड लावत नाहीत, शेजारच्या रोपाला वाढू देत नाही. बी मोहरीहून बारीक; वारा, पाणी, चपलेचा चिखल, कशावरही बसून पसरतं. पुढच्या वर्षी वालात सगळीकडे तेच पांढरं रान. पण गवताला काय नावं ठेवायची? त्याहून भिकार माझी ती ऐट होती.

काकीने ते रान उघड्या हातांनी उपटलं. तिचे हात कोपरापर्यंत सुजले, कातडी तडकली. मी खोबरेल लावायला बसले, तर तिने झटकन हात मागे घेतले.

"नको गो," ती म्हणाली, "तुला पन खाज सुटंल."